जिभेखाली

"पोटाला चिमटा काढून वाढवलं तुला,"
आई म्हणायची, कोरालच्या धक्क्यावर मासे साफ करता करता.
माझ्या पोटाला चिमटा काढला
तेमुकोच्या एका डॉक्टरने,
बेशुद्ध करून, टाचण्या मारून,
अठरा हप्त्यांत.

उरलं ते अंड्याएवढं.
त्यात अर्धी वाटी सूप मावतं, आणि थोडी भीती.
सत्तेचाळीस किलो गेले.
कुठे गेले, मी विचारलं नाही.

वाल्दिवियाच्या मासळीबाजारामागे, नदीच्या पायरीवर
समुद्रसिंह लोळत असतात
तीनशे तीनशे किलोचे, निर्लज्ज, चकचकीत.
मी मेर्लुसाचं डोकं फेकते, ते वरच्यावर झेलतात.
त्यांना कुणी विचारत नाही, रक्तात लोह किती.
त्यांतल्या एकीला मी माझं जुनं नाव देऊन टाकलंय:
गोर्दा. जाडी.
नवरा लाडात आला की म्हणायचा, तेच.
आता त्याला काय म्हणावं सुचत नाही,
तो मला चक्क ओरियेता म्हणतो,
मी वळून बघते, कोण आलं.

पहिल्या हिवाळ्यात मी अस्वलं घेतली.
जेलीची, लाल-पिवळी, डबीभर व्हिटॅमिन.
जिभेला वाटायचं, खाऊ आला.
दोन सांगितलेली, मी चार खायची,
पाचवं मुठीत धरून नुसता वास घ्यायची.
औषधच ना ते. त्याचं कसलं पाप.

मग केस उशीवर राहू लागले.
मग कंगव्यात, मग न्हाणीच्या जाळीत,
एकदा गिऱ्हाइकाच्या पिशवीत, माशासोबत.
जिना चढताना छातीत कुणीतरी धुणं आपटायचं.
रिपोर्टात फेरिटिन: सहा.
अस्वलांच्या पोटात लोह नव्हतंच.
डबीवर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं;
मी वाचलं होतं फक्त 'स्ट्रॉबेरी'.

मग काल्फुपान बाईंच्या औषधाच्या दुकानात
तासभर उभी राहिले, गमबूट घालूनच.
ही कार्बोनेटची, स्वस्त,
पण तिला विरघळायला आम्ल लागतं,
"ते तुमच्याकडे आता फारसं नाही," बाई म्हणाल्या,
शेजारणीने साखर संपली म्हणावं, तशा.
ही सायट्रेटची. दुप्पट भाव. घोड्याच्या मापाची.
लोह आणि कॅल्शियम एका वेळी नकोत,
एक आत असला की दुसरा दाराशीच अडतो.
(माझे भाऊ. आईला पुरलं त्या दिवशीही
एक सकाळी आला, एक दुपारी.)
मध्ये दोन तास. लोहावर चहा नाही.
"माते तरी?"
"माते पण नाही. नंतर घ्या."
"आणि हे किती दिवस?"
"मीठ किती दिवस खाता?"

सगळ्यात महाग डबीवर
एक सडपातळ बाई वाळूवरून धावत होती.
ती मी परत फळीवर ठेवली.
तिला काही पहाटे चारला बर्फ फोडायचा नसणार.
उरलेल्यांचे पैसे मोजले.
नोटांना माशाचा वास, बाईंनी नाक मुरडलं नाही.

तर आता असं:
सहाला लोह. नऊला कॅल्शियम, अर्धं करून, चावून,
तोंडात खडूचा फळा पुसल्यासारखं.
साडेदहाला ती इवलीशी लाल, बी-बारा.
गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

आणि नेमका साडेदहालाच येतो तो म्हातारा सेपुल्वेदा.
"किलोला काय भाव?"
मी चार बोटं दाखवते.
तो तीन दाखवतो.
मी मान हलवते.
तो हवामानाबद्दल बोलतो, बायकोच्या गुडघ्याबद्दल,
मागच्या आठवड्याच्या शिळ्या माशाबद्दल.
पूर्वी मी एवढ्यात
साडेतीनवर आले असते, वर कोथिंबीर दिली असती.
आता ओठ मिटून उभी आहे,
जिभेखाली चेरीची खोटी चव पसरते आहे.
मागे पायरीवर गोर्दा डरकाळी फोडते.
म्हातारा खिशात हात घालतो,
चार मोजतो,
आणि विचारतो, "रागावलीस का गं?"

थांब, बोटाने म्हणते.
थोडी उरलीय.